इग्वानाच्या पिंजऱ्यासाठी यूव्हीबी ट्यूब: ‘रेप्टीसन १०.० टी५ एचओ’चे परीक्षण

इग्वाना हा मोठा सरडा पाळणाऱ्याने सर्वांत आधी कशावर पैसे खर्च करावेत, असे कोणी विचारले तर माझे उत्तर ठरलेले आहे: यूव्हीबी (उन्हातल्या अतिनील किरणांचा एक प्रकार) किरण देणाऱ्या दिव्यावर. पिंजरा सुताराकडून करून घेता येतो, फांद्या बागेतून आणता येतात, पाला मंडईत मिळतो. परंतु घरात उन्हातल्या त्या विशिष्ट किरणांची उणीव भरून काढणारी वस्तू विकतच आणावी लागते, आणि तिची निवड चुकली तर परिणाम थेट प्राण्याच्या हाडांवर होतो. माझ्याकडचा नर हिरवा इग्वाना पूर्ण वाढलेला असून शेपटीसह पाच फुटांच्या आसपास आहे. त्याच्या पिंजऱ्यात गेले वर्षभर ‘झू मेड’ कंपनीची ‘रेप्टीसन १०.० टी५ एचओ’ ही ५४ वॅटची ट्यूब लावलेली आहे (टी५ म्हणजे बारीक जाडीची ट्यूब, एचओ म्हणजे जास्त प्रकाश देणारी). हे परीक्षण त्या ट्यूबचे आहेच, पण ती ज्या पद्धतीने बसवावी लागते त्या मांडणीचेही आहे. कारण उत्तम ट्यूब चुकीच्या पट्टीत (ट्यूब बसवायच्या, चोक असलेल्या फिटिंगमध्ये) किंवा चुकीच्या उंचीवर बसवली तर ती केवळ खोली उजळते, इग्वानाला तिचा काही उपयोग होत नाही.

हिरवा इग्वाना हा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या नदीकाठच्या झाडांवर राहणारा, पूर्णपणे शाकाहारी प्राणी आहे. उंच फांदीवर ऊन खात बसणे हा त्याच्या दिनक्रमाचा मुख्य भाग असतो. उन्हातले यूव्हीबी किरण त्वचेवर पडले की तेथे ड जीवनसत्त्वाचा पूर्वरूप घटक तयार होतो, शरीराच्या उबेने त्याचे ड३ मध्ये रूपांतर होते, आणि पुढे यकृत व मूत्रपिंड यांमध्ये त्यावर प्रक्रिया झाल्यावरच आतडे अन्नातले कॅल्शियम नीट शोषून घेऊ शकते. ही साखळी तुटली की शरीर रक्तातली कॅल्शियमची पातळी टिकवण्यासाठी हाडांमधलेच कॅल्शियम काढून घेऊ लागते. पाळीव इग्वानांमध्ये सर्वाधिक आढळणारा हाडांचा आजार तो हाच. तोंडावाटे ड३ ची पावडर देऊन काम भागेल असे काही दुकानदार सांगतात. परंतु इग्वाना ते फारसे कार्यक्षमतेने वापरत नाही, आणि मात्रा वाढवली तर विषबाधेचा धोका असतो. त्वचेत तयार होणाऱ्या ड३ चे तसे नाही. गरजेपेक्षा जास्त पूर्वरूप तयार झाले तर तेच किरण त्याचे निरुपद्रवी पदार्थांत रूपांतर करतात, त्यामुळे प्रमाण आपोआप राखले जाते. म्हणून दिवा हा पावडरीला पर्याय नसून मुळात तोच आधार आहे, असे माझे ठाम मत आहे.

हा इग्वाना माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या आधीच्या घरी पिंजऱ्यावर एक छोटा, वेटोळ्याच्या आकाराचा बल्ब लावलेला होता आणि तो काचेच्या झाकणावरून खाली प्रकाश टाकत असे. ज्या दुकानाने प्राणी विकला त्यानेच तो बल्ब ‘वर्षानुवर्षे चालतो’ असे सांगून दिला होता. खालच्या जबड्याच्या कडेला बोट लावले की ती हाडासारखी न लागता किंचित दबत असे. मागच्या पायांच्या मांड्या भरलेल्या दिसत, पण ते मांस नव्हते, ठिसूळ झालेल्या हाडाभोवती आलेली सूज होती. आणि हातात घेतल्यावर बोटे बारीक थरथरत. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यांनी क्ष-किरण प्रतिमा उजेडासमोर धरून दाखवली, तेव्हा मांडीच्या हाडाची कड आजूबाजूच्या मऊ भागापेक्षा जेमतेम वेगळी दिसत होती. त्यांनी कॅल्शियमचे उपचार सुरू केले आणि सोबत प्रकाशयोजना मुळापासून बदलायला सांगितली. या ट्यूबची निवड त्या सल्ल्यानंतरची आहे.

आता ट्यूबविषयी. तिची लांबी सुमारे ४६ इंच आहे, म्हणजे आपल्याकडच्या नेहमीच्या चार फुटी ट्यूबपेक्षा किंचित कमी, आणि जाडी बोटाएवढी. प्रकाश स्वच्छ पांढरा आहे. जांभळट किंवा निळसर छटा नाही. नावातला १०.० हा आकडा ढोबळमानाने यूव्हीबीचे प्रमाण दर्शवतो, परंतु त्यावर विसंबून न राहता यूव्ही निर्देशांक, म्हणजे या किरणांची तीव्रता सांगणारा आकडा, मोजणाऱ्या मीटरने प्रत्यक्ष मोजणे केव्हाही चांगले. असा मीटर महाग असतो. माझ्या परिचयातल्या काही इग्वाना पाळणाऱ्यांनी मिळून एक घेतला असून तो आम्ही आळीपाळीने वापरतो. सरपटणाऱ्या प्राण्यांचे उन्हात बसण्याच्या सवयींनुसार जे चार गट संशोधकांनी केले आहेत, त्यांत हिरवा इग्वाना तिसऱ्या गटात येतो. म्हणजे त्याच्या ऊन खाण्याच्या जागी निर्देशांक तीनच्या आसपास किंवा थोडा वर असावा आणि पिंजऱ्याच्या दुसऱ्या बाजूला तो शून्यापर्यंत उतरलेला असावा, जेणेकरून किरण किती घ्यायचे हे प्राण्याला स्वतः ठरवता येईल. प्रकाश खाली परतवणारा रिफ्लेक्टर असलेल्या पट्टीत, मध्ये जाळी नसताना, इग्वानाची पाठ येते त्या पातळीवर ही ट्यूब नवी असताना मीटर साडेतीनच्या आसपास आकडा दाखवत होता. अंतर सुमारे १५ इंच होते. वर्षाच्या अखेरीस तो आकडा उतरला, पण अडीचच्या खाली गेला नाही. कोणतीही फ्लुओरेसंट यूव्हीबी ट्यूब वापराने उतरतेच, आणि डोळ्यांना दिसणारा उजेड मात्र जवळजवळ तेवढाच राहतो, त्यामुळे ‘अजून चांगली जळते आहे’ म्हणून ती चालू ठेवणे धोक्याचे ठरते. मीटर नसेल तर वर्षाने ट्यूब बदलावी, हे साधे वेळापत्रक पाळावे.

खरेदी करणाऱ्याने सर्वाधिक लक्ष द्यायला हवे ते पट्टीकडे, आणि याविषयी आपल्याकडे कोणी नीट सांगत नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी चार फुटी टी५ पट्टी ही बहुतेक वेळा २८ वॅटच्या ट्यूबसाठी बनवलेली असते. एचओ प्रकारची ५४ वॅटची ट्यूब लांबीने आणि टोकांच्या पिनांनी त्याच पट्टीत व्यवस्थित बसते, पेटतेही. परंतु त्या पट्टीतला इलेक्ट्रॉनिक चोक तिला लागणाऱ्या विद्युतप्रवाहाच्या निम्म्याहून कमी प्रवाह देतो. परिणामी उजेड बरा दिसतो, यूव्हीबी मात्र फारच थोडे मिळते, आणि ट्यूबही लवकर खराब होते. म्हणून चोकवर ‘५४ वॅट, टी५ एचओ’ असे स्पष्ट छापलेले आहे की नाही हे पाहूनच तो घ्यावा. हल्लीच्या एलईडी पट्ट्यांमध्ये तर चोकच नसतो, त्यामुळे त्यांचा इथे काही उपयोग नाही. दुसरी अडचण परदेशातून मागवणाऱ्यांची. अनेक जण अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून ट्यूब आणि पट्टी असा पूर्ण संच मागवतात. ट्यूबला अडचण नाही, परंतु तिथली पट्टी १२० व्होल्टसाठी बनवलेली असते. ती आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावली की चोक जळतो. नातेवाइकांना फक्त ट्यूब आणायला सांगावी आणि पट्टी इथेच, योग्य चोक आणि चकचकीत ॲल्युमिनियमचा रिफ्लेक्टर घालून, एखाद्या जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी. माझी पट्टी तशीच केलेली आहे आणि तिने आजवर त्रास दिलेला नाही. रिफ्लेक्टर हा दिखाऊ भाग नव्हे, एवढेही सांगितले पाहिजे. तो नसेल तर वरच्या दिशेने जाणारा सगळा प्रकाश वाया जातो आणि खालचा आकडा बराच घसरतो.

काच आणि ॲक्रिलिक यूव्हीबी जवळजवळ संपूर्णपणे अडवतात, त्यामुळे काचेच्या झाकणावर ठेवलेला दिवा, किंवा बंद खिडकीतून आत येणारे ऊन, हाडांच्या दृष्टीने निरुपयोगी असते. बारीक तारेची जाळीही साधारण तिसरा हिस्सा ते निम्मे किरण अडवते. म्हणून मी ट्यूब पिंजऱ्याच्या आत, छताला लावली आहे. त्याला एक अट आहे. प्रौढ नराची शेपटी चाबकासारखी बसते आणि बिथरल्यावर तो ती कुठेही मारतो. उघडी ट्यूब फुटली तर काचा आणि पारा दोन्ही पिंजऱ्यात पडतील. यासाठी ट्यूबभोवती मोठ्या भोकांची, जाड तारेची संरक्षक चौकट बसवावी; भोके मोठी असल्यामुळे किरणांचे नुकसान फारसे होत नाही. ट्यूब नेहमी वरूनच असावी, बाजूने कधीही नसावी. वरून येणाऱ्या उजेडापासून इग्वानाच्या भुवईची कड डोळ्यांना सावली देते, बाजूने येणारा प्रकाश मात्र थेट डोळ्यांत जातो.

चार फुटी लांबीचा खरा फायदा फांदीवर बसलेला प्राणी पाहिला की कळतो. सकाळी टायमरवर दिवा लागला की तो खालच्या फळीवरून चढून येतो, फांदीला समांतर पसरतो आणि अंग चपटे करतो. बरगड्या बाहेर येतात, पाठीचे क्षेत्रफळ वाढते, आणि रात्रीच्या गारव्याने काळपट पडलेला रंग डोक्याकडून मागे हळूहळू उजळत जातो. त्या वेळी नाकापासून मागच्या पायांपर्यंत सारे शरीर ट्यूबच्या पट्ट्याखाली असते. छोट्या बल्बखाली हे शक्यच नसते. तिथे एक तर डोके किरणांत असते किंवा पाठ. इग्वानाच्या डोक्याच्या माथ्यावर प्रकाश जाणवणारा एक फिकट, वाटोळा खवला असतो. त्याला तिसरा नेत्र म्हणतात आणि दिवस-रात्रीचे चक्र त्याच्याशी निगडित आहे. बारा तास उजेड आणि बारा तास पूर्ण अंधार हे वेळापत्रक त्यासाठीही सांभाळावे. एक छोटी बाब स्वच्छतेची: इग्वाना जादा क्षार नाकावाटे शिंकून टाकतो, आणि त्याचे पांढरे कण चौकटीवर व ट्यूबवर साचून कडक होतात. मी दर आठवड्याला दिवा बंद करून, ट्यूब गार झाल्यावर, आधी ओलसर आणि मग कोरड्या फडक्याने ती पुसतो. त्यानंतर हात साबणाने धुणे अनिवार्य समजावे, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर आणि पिंजऱ्यात साल्मोनेला जंतू असू शकतात.

ही ट्यूब उष्णता जवळजवळ देत नाही, हे पुरेसे लक्षात घेतले जात नाही. ऊन खाण्याच्या जागी ३५ ते ३८ अंश सेल्सिअस तापमान हवे. त्याशिवाय ना त्वचेतले ड३ नीट तयार होते, ना पोटातला पाला पचतो, कारण इग्वाना आतड्याच्या शेवटच्या भागातल्या जंतूंच्या साहाय्याने पाला आंबवून पचवतो आणि त्या जंतूंनाही ऊब लागते. म्हणून १०० वॅटचा साधा किंवा हॅलोजन बल्ब ट्यूबच्या शेजारीच, त्याच फांदीवर उष्णता पडेल असा लावावा. दोन्ही दिवे पिंजऱ्याच्या दोन टोकांना लावलेले मी काही घरांत पाहिले आहेत. तिथे प्राणी ऊब असेल तिथे बसतो आणि किरणांपासून वंचित राहतो. ‘गरम दगड’ म्हणून विकली जाणारी वस्तू मात्र घेऊच नये, तिच्यामुळे पोटाखाली भाजते आणि प्राण्याला ते वेळेवर जाणवत नाही. पुण्या-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटसह लावावा लागतो. कोकणात आणि मुंबईत त्याची गरज क्वचितच पडेल.

आपल्याकडे एवढे ऊन असताना ट्यूब कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे, आणि माझे उत्तर असे की ऊन मिळत असेल तर ते ट्यूबपेक्षा निःसंशय चांगले. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान गॅलरीत जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्या भागावर सावली करून, इग्वानाला ठेवले तर त्या कोवळ्या उन्हातले किरण कोणत्याही दिव्यापेक्षा सरस असतात. काचेच्या टाकीत मात्र कधीही ठेवू नये. काही मिनिटांत आतले तापमान जीवघेणे होते. एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी आपल्याकडे यूव्ही निर्देशांक ११-१२ पर्यंत जातो, त्या वेळी बाहेर ठेवण्याची आवश्यकता नाही. घारी, कावळे आणि मांजरे यांच्यामुळे त्याला तिथे एकटे सोडणेही योग्य नव्हे. परंतु कित्येक फ्लॅटमध्ये ऊन येणारी गॅलरीच नसते, असली तरी काचेने बंद केलेली असते, आणि जून ते सप्टेंबर या महिन्यांत आठवडाच्या आठवडा आभाळ भरलेले असते. माझ्या अनुभवात या ट्यूबची खरी कसोटी पावसाळ्यात लागली. आधीच्या घरी याच दिवसांत त्याची भूक मंदावून बोटांची थरथर वाढत असे, असे आधीच्या मालकांनी सांगितले होते. या पावसाळ्यात तो रोज खात राहिला, आणि नंतर काढलेल्या क्ष-किरण प्रतिमेत मांडीच्या हाडाची कड ठळक दिसली. जबडा आता बोटाखाली दबत नाही. खालच्या ओठाची रेष थोडी वाकडी राहिली आहे, ती तशीच राहील असे डॉक्टरांनी सांगितले.

याचे सारे श्रेय ट्यूबला देणे मात्र अन्यायाचे होईल. कॅल्शियम शोषण्याची सोय दिव्याने होते, पण ते कॅल्शियम पाल्यातूनच यावे लागते, आणि त्यात फॉस्फरसच्या दुप्पट प्रमाणात ते असावे. आपल्या मंडईत याबाबत सुदैवाने उणीव नाही. शेवग्याचा पाला कॅल्शियमने समृद्ध आहे आणि माझ्याकडे तोच रोजचा आधार आहे. त्यात मुळ्याचा पाला, मोहरीची पाने, जास्वंदीची पाने आणि फुले, किसलेला लाल भोपळा, कधी गवार किंवा फरसबी घालतो. पालक, अळू आणि माठ यांतले ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतात, त्यामुळे ते रोज देऊ नयेत. फॉस्फरस नसलेली कॅल्शियम कार्बोनेटची पावडर मी पाल्यावर अधूनमधून भुरभुरतो. अंडी, मांस आणि कुत्र्या-मांजरांचे खाद्य इग्वानाला कधीच देऊ नये. त्यातली प्रथिने त्याच्या मूत्रपिंडांना झेपत नाहीत.

किमतीचे म्हणाल तर ही ट्यूब साध्या ट्यूबच्या कितीतरी पट महाग आहे, आणि दरवर्षी बदलायची असल्यामुळे तो खर्च कायमचा आहे. विजेचा भार त्यामानाने कमी: ५४ वॅट, रोज बारा तास, म्हणजे महिन्याला साधारण १९ ते २० युनिट. या खर्चातून सुटण्यासाठी बाजारात ‘यूव्ही’ म्हणून जे काही स्वस्तात मिळते ते घेण्याचा मोह टाळावा. जांभळा उजेड देणारे बल्ब बहुधा फक्त यूव्हीए, म्हणजे ड३ तयार न करणारे अतिनील किरण, देतात. रोपांसाठीचे दिवे वेगळ्याच कामाचे असतात. आणि जंतुनाशक यूव्हीसी दिवा तर प्राण्याच्या आणि आपल्याही डोळ्यांना व त्वचेला गंभीर इजा करतो. ‘आर्केडिया’ कंपनीची १२ टक्क्यांची टी५ ट्यूब हा मात्र तोलामोलाचा पर्याय आहे, आणि दोहोंपैकी जी ताजी व सुस्थितीत मिळेल ती घ्यावी. उष्णता आणि यूव्हीबी एकत्र देणारे मर्क्युरी व्हेपर बल्ब मी टाळतो: त्यांचा झोत अरुंद असतो आणि डिमर किंवा थर्मोस्टॅट लावून त्यांचे तापमान कमी-जास्त करता येत नाही.

इग्वानाचे पिल्लू घ्यायचा विचार करणाऱ्यांना या ट्यूबबरोबर आणखी काही सांगणे मला आवश्यक वाटते. दुकानात वीतभर दिसणारे पिल्लू काही वर्षांत पाच-सहा फुटांचे होते, पंधरा-वीस वर्षे जगू शकते, आणि त्याला निदान सहा फूट उंच आणि तितकाच रुंद पिंजरा लागतो. तो साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातला प्राणी आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली असून २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्याची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर करणे बंधनकारक आहे. कागदपत्रे न देणाऱ्या विक्रेत्याकडून प्राणी घेऊ नये. सांभाळणे जमले नाही म्हणून त्याला बाहेर सोडणे हा तर पर्यायच नव्हे. फ्लोरिडामध्ये सोडून दिलेल्या आणि निसटलेल्या इग्वानांची संख्या इतकी वाढली की २०२१ मध्ये तिथे हिरवा इग्वाना प्रतिबंधित प्राण्यांच्या यादीत घालावा लागला.

पिंजरा चार फुटांपेक्षा रुंद असेल तर ५४ वॅटची ट्यूब घ्यावी. तीन फुटांच्या आसपास असेल तर याच मालिकेतली ३९ वॅटची, सुमारे ३४ इंचांची ट्यूब पुरेशी आहे, मात्र तिला चोकही ३९ वॅटचा लागेल. ऑनलाइन मागवताना विक्रेत्याला लाकडी किंवा जाड पुठ्ठ्याच्या नळीत पाठवण्याचा आग्रह धरावा. साध्या बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून एका विक्रेत्याने पाठवलेली ट्यूब माझ्या हातात तुकड्यांच्या रूपात आली होती आणि तिचे पैसे परत मिळवायला बराच पाठपुरावा करावा लागला. न वापरता ठेवलेली ट्यूब उतरत नाही, म्हणून दुसरी ट्यूब मे महिन्यातच घेऊन ठेवावी आणि मृगाच्या पावसाआधी बदलावी. बसवल्याची तारीख तिच्या टोकाच्या धातूच्या टोपीवर मार्करने लिहावी, आणि जुनी ट्यूब कचऱ्याच्या डब्यात न टाकता, तिच्यात पारा असल्यामुळे, ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रात द्यावी.